दोन्ही पाय आत

चहा घ्या आधी. गार झाला तर मला बोल लावू नका, कारण ही गोष्ट जरा लांबते, आणि मधेच कुणी बोललेलं मला खपत नाही.

मी भर मैदानात माझ्या सख्ख्या जावयाला आउट दिला. साऱ्या कॅम्पसमोर. शिट्टी मारून.

हसा, हसा. जुबैलमध्ये सगळे हसून झालेत. आता तुम्हीच राहिलात.

मी युसूफचाचा. गाव मुरूडकडे, शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत मास्तरांशी वाजलं, मास्तर राहिले आणि मी निघालो. सौदीत जुबैलला कंपनीची बस चालवतो. कॅम्पातून माणसं भरायची, प्लांटच्या गेटवर ओतायची, शिफ्ट सुटली की परत भरायची. इतकी वर्षं झाली, बस कधी उशिरा सुटली नाही. कुणासाठी थांबली नाही. एकदा फिरोज धावत येत होता, मी आरशात बघितला, आणि गाडी सोडली. बिचारा टॅक्सी करून गेला.

हा फिरोज म्हणजेच माझा जावई. आधी भाचा होता, बहिणीचा मुलगा. म्हणून मला अजून मामूच म्हणतो. त्याच प्लांटवर फिटर आहे. मुलगी शबाना ताइफला इस्पितळात नर्स आहे. नवरा समुद्राकडे, बायको डोंगरावर, मधे सगळं वाळवंट. नोकरीचं असंच असतं, त्यात रडायचं काही नाही.

तर शबानाला मुलगी झाली. माझी बायको आयशा व्हिजिट व्हिसावर बाळंतपणाला तिथे जाऊन बसलेली. आणि इकडे प्लांटला शटडाऊन. शटडाऊन म्हणजे सगळा प्लांट बंद करून खोलायचा, धुवायचा, परत जोडायचा. त्या काळात सुट्टी मागितली तर सुपरवायझर असा बघतो की आपण त्याची किडनी मागतोय. फिरोजने पोरीचं तोंड फोनवरच बघितलं. आणि फोनवर सगळीच बाळं उकडलेल्या रताळ्यासारखी दिसतात.

शटडाऊन संपत आला तेव्हा सुट्टी जाहीर झाली. पण सगळे एकदम सोडणार नाहीत. अर्धे आधी जाणार, ते परत आले की उरलेले अर्धे. आणि मधे रमजान लागणार होता. आता बघा गोम कशी आहे. आम्हाला बाळाचा अकीका करायचा होता. म्हणजे जावळ काढायचं, नाव ठेवायचं, बकरा कापायचा, चार लोकांना दुपारी बिर्याणी घालायची. पहिल्या बॅचमध्ये सुटलो तर रमजानच्या आधी आरामात होईल. दुसऱ्या बॅचमध्ये गेलो तर रोजे सुरू. दुपारची बिर्याणी कुणाला घालणार, भिंतीला?

शबानाने फोनवर बजावलं, "अब्बा, बाप आल्याशिवाय मी नाव ठेवणार नाही. पहिल्या बॅचमध्ये या. काहीही करून या."

मी म्हटलं, "येतो म्हणजे येतो." माझी सुट्टी फिरोजच्याच बॅचबरोबर होती. ते जातील तेव्हा मी जाणार.

पण पहिली बॅच कुठली? फिटरांची, की कुरियनची? हा कुरियन केरळचा, स्कॅफोल्डिंगचा, म्हणजे परांच्या बांधणाऱ्यांचा फोरमन. त्याच्या माणसांनाही घरं होती, बायका होत्या. एक म्हणे आम्ही आधी, दुसरा म्हणे आम्ही आधी. शेवटी गॅरी साहेब मधे पडला.

गॅरी साहेब अमेरिकन. शटडाऊनसाठी आलेला. लाल तोंड, ताडमाड उंची, आणि डोक्यात एकच वेड, त्यांचा तो फुटबॉल. नाव फुटबॉल, आणि पाय लावायचा फक्त पळायला! बॉल नारळासारखा लांबुळका, हाताने फेकायचा, हाताने झेलायचा. त्याने आमच्या पोरांना त्याचा साधा प्रकार शिकवला होता. पाडापाडी नाही. कमरेला फडकी लावायची, समोरच्याने फडकं उपटलं की खेळ थांबला. पोरं दर शुक्रवारी तेच खेळायची.

गॅरी साहेब म्हणाला, "शुक्रवारी मॅच. जो जिंकेल तो आधी सुट्टीवर. खलास."

सगळे कबूल.

आता त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. अमेरिकेत त्यांची एक मोठी मॅच झाली होती, ती संध्याकाळी कॅम्पच्या हॉलमध्ये परत दाखवली. मीही बसलो. चहा फुकट होता.

एका गड्याने मैदानाच्या कडेला उडी मारून बॉल झेलला. दोन्ही हातांत धरला, छातीशी घेतला. मी ओरडलो, "कॅच!"

पंच म्हणाला, नाही.

"का नाही? बॉल हातात आहे ना त्याच्या?"

गॅरी साहेब म्हणाला, "चाचा, पाय बघ. एक पाय आत, एक बाहेर."

"पायाचं काय करायचंय? झेलला हाताने!"

मग टीव्हीवर तेच परत दाखवलं. हळू दाखवलं. उलटं दाखवलं. नुसता अंगठा मोठा करून दाखवला. चार पंच एका टीव्हीत डोकी घालून बसले. माझा चहा गार झाला तरी त्यांचा अंगठा बघून होईना. तेवढ्या वेळात आमच्याकडे चंद्र बघून ईद जाहीर होते.

मी ऐकेना. म्हटलं, "आमच्या गावात व्हॉलीबॉलला मी लाइनवर उभा राहायचो. मला शिकवू नका."

फिरोज म्हणाला, "मामू, त्यांचा नियम वेगळा आहे."

"नियम वेगळा असेल, अक्कल पण वेगळी?"

शेवटी गॅरी साहेबाने टेबलावर दोन बिस्किटं उभी केली. मधे चमचा आडवा ठेवला. चमचा म्हणजे लाइन. "वन फूट, नो. टू फीट, यस. बोथ, चाचा, बोथ."

बिस्किटं बघितल्यावर मला एकदम पटलं. कसं, सांगतो. गावी चुलत भावाचा आणि माझा शेताच्या बांधावरून तंटा आहे. तो नेहमी एक पाय त्याच्या शेतात आणि एक माझ्या शेतात ठेवून उभा राहतो आणि म्हणतो, मी तर माझ्याच जागेत आहे. अरे, एक पाय माझ्याकडे आहे ना? मग तू बाहेरच! अमेरिकेला हे कळलं आणि आमच्या तलाठ्याला कळलं नाही.

आणि एकदा मला पटलं की मग मी सोडत नाही. नवा मुसलमान दहा वेळा नमाज पढतो म्हणतात ना, तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या दारात सांगलीचा पाटील एक पाय पायरीवर आणि एक पाय खाली ठेवून मोबाईलवर बोलत होता.

मी म्हटलं, "पाटील, आत की बाहेर?"

"आतच की, चाचा."

"एक पाय खाली आहे. बाहेर! दोन्ही पाय आत आल्याशिवाय बस हलणार नाही."

आठवडाभर हेच. माणसं माझ्या दारात दोन्ही पाय जोडून उडी मारून चढायला लागली, सशासारखी. मला वाटलं, शिस्त आली.

शुक्रवारी सकाळी मैदान मीच आखलं. दोरी धरून चुन्याची फक्की मारली. सुईसारख्या सरळ लाइनी. मग प्रश्न आला, कडेला पंच कोण?

कुरियनच पुढे झाला. "चाचा को रखो."

मी म्हटलं, "माझा जावई खेळतोय त्या टीममध्ये."

"इसीलिए," कुरियन म्हणाला. "जो आदमी दामाद को छोड़के बस ले जाता है, वो बेईमानी नहीं करेगा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं.

खेळाच्या आधी गॅरी साहेबाने सगळ्यांना गोल बसवून नियम सांगितले. मलाही हाक मारली. मी गेलो नाही. मी बसमध्ये बसलो होतो, थर्मासमधला चहा होता. म्हटलं, नियम? आठवडाभर ह्यांना नियम कोण शिकवतोय? मी! आता मलाच शिकवणार?

हा चहा लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात इतका महाग चहा मी प्यायलो नाही.

मॅच काय सांगू, चांगली झाली. फडकी उपटली गेली, दोघांच्या पँटी पण उपटल्या गेल्या. शेवटी कुरियनची टीम थोडी पुढे होती, आणि आमच्याकडे बॉल फेकायची एकच पाळी उरली. मैदानाच्या टोकाला एक पट्टा आखलेला असतो. त्यात बॉल झेलला की सहा पॉइंट. झेलला तर आमची पोरं जिंकली, नाहीतर कुरियन.

आणि नेमका तेव्हाच गॅरी साहेबाचा वॉकीटॉकी कोकलला. प्लांटवर कुठलातरी व्हॉल्व्ह गळत होता. त्याने गळ्यातली शिट्टी काढली, माझ्या गळ्यात घातली, म्हणाला, "चाचा, यू आर द बॉस," आणि जीपमध्ये बसून गेला.

आता शिट्टी माझ्या तोंडात.

पाटलाने बॉल फेकला. उंच. फिरोज पळाला. त्याच्यामागे दोन स्कॅफोल्डर. पट्ट्याच्या कोपऱ्यात, अगदी माझ्या नाकासमोर, फिरोजने उडी मारली. अहो, काय उडी! त्याच्या आईने त्याला लहानपणी कैऱ्या तोडायला झाडावर चढवलं ते सगळं त्या उडीत आलं. बॉल दोन्ही हातांत. घट्ट. डावा पाय पडला आत. उजवा पाय पडला लाइनीच्या पलीकडे. फक्की उडाली.

आमची पोरं नाचायला लागली. "ताइफ! ताइफ!"

मी शिट्टी मारली. "आउट!"

नाचणारी पोरं जागच्या जागी थबकली.

फिरोज बॉल छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिला. "मामू, काय?"

"एक पाय बाहेर. कॅच नाही."

"मामू, एक पाय पुरतो! आता साहेबांनी सांगितलं ना सगळ्यांना!"

"मला शिकवतोस? बिस्किटं बघितलीस ना? दोन्ही पाय!"

"ते टीव्हीवरच्या लोकांचं! आपल्या खेळात एकच पाय आत लागतो. पाटील, सांग ह्यांना!"

पाटील म्हणाला, "खरंय चाचा. साहेब म्हणाले, वन फूट."

मी मनात म्हटलं, बघा! सुट्टी पाहिजे म्हणून नियमच बदलायला निघाले. उद्या म्हणतील, बॉल बघितला तरी कॅच. आणि मी आत्ता मान डोलावली तर सगळा कॅम्प म्हणणार, चाचाने जावयासाठी शिट्टी विकली.

मी कुरियनकडे वळलो. "कुरियन, तू सांग. नियम क्या है?"

कुरियनने आभाळाकडे बघितलं. मग जमिनीकडे. मग म्हणाला, "चाचा, आप पंच हैं. जो आप बोलेंगे."

तो असा का बोलला, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही. उलट मला वाटलं, बघा, परका माणूस, पण किती मान देतो!

फिरोज म्हणाला, "साहेबांना फोन करा."

"प्लांटमध्ये फोन चालत नाही, तुला माहीत आहे."

"मग ते येईपर्यंत थांबा."

"मी कधी कुणासाठी थांबलोय?"

फिरोज जवळ आला. आवाज खाली आणला. "मामू, मी अजून पोरीला हातात घेतलं नाही."

खोटं कशाला बोलू, तिथे माझी जीभ अडखळली. पण शिट्टी तोंडात असली की माणसाला स्वतःचाच आवाज मोठा वाटतो. मी म्हटलं, "मीही घेतलेलं नाही. नियम म्हणजे नियम."

तीन वेळा शिट्टी मारली. मॅच संपली. कुरियनच्या माणसांनी मला खांद्यावर घेतलं. जावयाला हरवलं आणि मिरवणूक माझी!

संध्याकाळी आयशाचा फोन आला. तिला कुणी सांगितलं ते विचारू नका. बायकांना वारा सांगतो.

"तुम्ही आउट दिला म्हणे."

"नियमाने दिला."

"बकरा सांगून ठेवलाय. शेजारच्या डॉक्टरीणबाई येणार आहेत, त्यांच्याकडून मोठी पातेली आणलीत. आता पातेल्यांना काय सांगू? नियम आहे म्हणून?"

"आयशा, इमानदारी म्हणून काही..."

"इमानदारी तुमची, आणि रांधायचं मी! ठेवा फोन."

शबाना तर फोनवर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी कुरियनची बॅच निघाली. त्यांना दम्मामच्या विमानतळावर सोडायला गाडी कुणी न्यावी? मीच नेली. सगळे दोन्ही पाय जोडून बसमध्ये चढले आणि मागे बसून गाणी म्हणत गेले. उतरताना कुरियनने माझे दोन्ही हात धरले. "चाचा, आप जैसा आदमी नहीं देखा." मी खूश. परत येताना एकटाच गुणगुणत होतो.

कॅम्पवर आलो तर गॅरी साहेब मेसच्या दारात उभा. त्याने कुणाकडून तरी अर्धवट ऐकलं होतं.

"चाचा, काय झालं काल?"

मी सगळं सांगितलं. उडी सांगितली, डावा पाय सांगितला, उजवा पाय सांगितला. मग टेबलावर दोन बिस्किटं उभी केली, मधे चमचा ठेवला, आणि म्हटलं, "बोथ, साहेब. बोथ."

गॅरी साहेबाने डोकं धरलं. मग एक बिस्किट उचललं आणि खाऊन टाकलं.

"चाचा, ते टीव्हीवरचे लोक पोटासाठी खेळतात. त्यांना दोन पाय. आपण शुक्रवारी मजेसाठी खेळतो. आपल्याला एकच. मी सगळ्यांना सांगितलं होतं. तू कुठे होतास?"

मी काय सांगणार? चहा पीत होतो?

"कुरियनला माहीत होतं?" मी विचारलं.

"तो सगळ्यात पुढे बसला होता."

तो सज्जन माणूस तेव्हा विमानात बसून घराकडे चालला होता. माझ्याच बसमधून उतरून!

मी म्हटलं, "मग आता निकाल फिरवा."

"कसा फिरवू? माणसं गेली. आता हे लोकही गेले तर प्लांट कोण चालवणार, तू?"

पुढचे दिवस कसे गेले, ते माझं मला माहीत. फिरोज भांडला असता तर बरं झालं असतं. मी भांडणात तरबेज आहे. पण तो गप्प. रोज सकाळी बसमध्ये चढायचा, दोन्ही पाय जोडून, माझ्यासमोर दाराशी उभा राहायचा आणि एवढंच म्हणायचा, "दोन्ही पाय आत आहेत, मामू. निघा."

रोज! आणि मागे सगळी बस खोकायची.

मी त्याला सांगितलं का, की मी चुकलो? नाही सांगितलं. त्याला कळलं होतं, मला कळलं होतं, गॅरी साहेबाला कळलं होतं. मग परत तोंडाने कशाला? एवढंच म्हटलं, "उडी चांगली होती." तो म्हणाला, "बाहेर होती ना?" विषय संपला.

शेवटी कुरियनची बॅच आली. तोवर रमजान लागला होता. मी आणि फिरोज ताइफला निघालो. सगळी वाट तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर काय होतं? वाळू. तरी बघत होता.

ताइफ उंचावर, चांगलीच थंडी. दुपार उतरली होती, इफ्तारला अजून वेळ होता, आणि घरातून बिर्याणीचा वास येत होता. रोजा असताना बिर्याणीचा वास म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. अकीका इफ्तारला करायचं आयशाने ठरवलं होतं. पातेली डॉक्टरीणबाईंकडे परत जाऊन पुन्हा आली होती.

दार उघडलं. फिरोज बुटांसकट आत घुसला. त्याला कुणी अडवलं नाही. पोरगी त्याच्या हातात आली, आणि तो मोठा फिटर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ. मी चपलेचा पट्टा सोडत बसलो. वाकलेलं बरं असतं अशा वेळी.

मग फिरोजने पोरगी शबानाकडे दिली. डोक्याला कानटोपी, तोंड अगदी आयशासारखं. म्हणजे रागीट. मी एक चप्पल काढली, पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे."

शबाना एक पाऊल मागे सरली. "अब्बा, पाय बघा."

मी खाली बघितलं. एक पाय आत. दुसरा बाहेर, चपलेत.

"दोन्ही पाय आत आल्याशिवाय कॅच नाही," शबाना म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

मागे आयशा कमरेवर हात ठेवून उभी. फिरोज मोबाईल समोर धरून उभा. आणि त्या मोबाईलमध्ये, मी बघितलं, कॅम्पचा अख्खा हॉल बसलेला. गॅरी साहेब, आणि सगळ्यात पुढे कुरियन!

मी दुसरी चप्पल काढायला गेलो. पट्टा अडकला. घाईत असं अडकतंच. पोरीने हात हलवला, माझ्याकडेच हलवला, आणि मला पुढे थांबवेना.

"अगं, एक पाय पुरतो!" मी ओरडलो. "एकच पाय लागतो! दे!"

"नक्की?" फिरोजने विचारलं.

"नक्की."

"निकाल फिरवला?"

"फिरवला रे बाबा, फिरवला! तू आत होतास!"

मोबाईलमधून जी आरोळी उठली! शबानाने हसत हसत पोरगी माझ्या हातात दिली. ऊबदार, हलकी. मी बिस्मिल्लाह म्हणून तिच्या कपाळाकडे वाकलो.

तेवढ्यात फिरोजने खिशातून ती शिट्टी काढली. तीच! गॅरी साहेबाकडून मागून आणली होती. काढली, आणि जोरात वाजवली.

पोरगी अशी दचकली, असं भोकाड पसरलं तिने, की शेजारच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी तिला उलटी करतोय, सुलटी करतोय, एका पायावर नाचतोय, कारण दुसरा पाय अजून चपलेसकट बाहेरच. आयशा पुढे आली, पोरगी माझ्या हातातून काढून घेतली आणि आत घेऊन गेली.

जाता जाता मोबाईलकडे तोंड करून म्हणाली, "लिहून घ्या. चाचांचा कॅच सुटला."